उकंडाच्या घरची अर्थिंग

दारव्ह्यात उकंडाला सगळे ओळखत, आणि ओळखणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्याचा मार खाल्लेला होता. माणूस बुटका, खांदे रुंद, आणि बोलण्याआधी हात उचलायची खोड. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचललं, नाव उकंडा ठेवलं, आणि तोच राग त्याच्या डोक्यात बसला, असं लोक म्हणत. लोकांना काय, तोंड आहे. उकिरड्यावर ठेवलेली पोरं आमच्या भागात गावोगाव आहेत आणि त्यातली बहुतेक गरीब स्वभावाची निघतात. उकंडाचा राग त्याचा स्वतःचा होता, त्यात उकिरड्याचा काही दोष नव्हता.

छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी घण घेऊन वस्तीतल्या मरीमायच्या, म्हणजे पटकीच्या देवीच्या, ठाण्यावर गेला. बाकीचे लोक आपापले देव टोपलीत घालून नदीत सोडायला निघाले होते, जुनी सवय म्हणून थोडं रडतही होते. उकंडाने तसला घोळ घातला नाही. त्याने शेंदराचा धोंडा फोडला, ठाण्यापुढचा माणसाएवढा लोखंडी त्रिशूळ उपटला आणि घरी नेऊन आढ्याला बांधून ठेवला. लोखंड आहे, कामाला येईल, म्हणाला. त्याचा थोरला चुलतभाऊ नानाजी याने मरीमायचा चांदीचा टाक कणगीत लपवलाय असं कानावर आलं, तेव्हा उकंडाने कणगी उलथी केली, टाक काढला आणि नानाजीच्या तोंडावर असा ठोसा मारला की समोरचे दात जमिनीवर आले. नानाजी रक्त थुंकून म्हणाला, "बराबर केलं तू." पुढे तोच नानाजी वस्तीतल्या बुद्धविहाराचा सगळ्यात कडक पंच झाला. दात मात्र गेले ते गेले.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात वस्तीत पटकीची साथ आली आणि उकंडाचा एकुलता एक मुलगा गेला. बायको तुळसाबाई पोराला मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती. उकंडाने प्रेत तिच्या हातातून हिसकून घेतलं. त्यानंतर घरात त्या पोराचं नाव निघालं नाही. निघालंच तर उकंडा हाताला लागेल ते भांडं भिंतीवर फेकायचा, आणि मध्ये तुळसाबाई आली तर तिलाही लागायचं. हे सांगायला बरं वाटत नाही, पण झाकून ठेवण्यातही अर्थ नाही.

तेव्हा तो गावातल्या एका कापसाच्या जिनात घण मारायच्या कामावर होता. तिथे एक वेल्डिंगचा मिस्तरी होता. निळा उजेड पाडून तो तुटलेलं लोखंड असं सांधायचा की सांधा बोटाला लागू नये. उकंडा घण मारता मारता तिकडे पाहायचा आणि मुकादमाच्या शिव्या खायचा. एके दुपारी मिस्तरी जेवायला गेला आणि उकंडाने होल्डर उचलून वेल्डिंगची कांडी पत्र्याला लावली. नवशिक्याची पहिली कांडी चिकटतेच, तशी ती चिकटली, गुरगुरली, लाल झाली. एवढ्यात मागून मुकादमाने त्याच्या कानाखाली वाजवली.

"घन मारनं तुहं काम. मशीनले हात लावाची तुमची जात हाय काय बे?"

उकंडाने घणाचा दांडा फिरवला. मुकादमाची बरगडी मोडली, उकंडाची नोकरी गेली, आणि पोलिसांनी त्याला असं धुतलं की आठवडाभर त्याला पाठ टेकवता येईना. पालथं पडूनच त्याने तुळसाबाईला सांगितलं, "आता मशीन आपल्या घरात बसन. मालकबी मीच, मुकादमबी मीच. याच्यापुढं कोनाची चापट खानार नाही मी. ते मशीन गेलं त मी गेलो असंच समज तू."

तुळसाबाईने हातातले चांदीचे गोठ काढून त्याच्यापुढे ठेवले. त्या घरात न बोलण्याची सवय तिलाच होती.

मशीन घेणं म्हणजे बैल घेण्याइतकं सोपं नव्हतं. बैलाचे निदान दात पाहता येतात. उकंडाने जिनातल्या मिस्तरीला दारू पाजली आणि सगळं विचारून घेतलं. गॅसचा सेट घ्यावा, तर नळकांड्यासाठी दर वेळी नागपूर, आणि कार्बाइडची टाकी फुटून माणसाचं तोंड जातं. इंजिनवर चालणारा डायनॅमो घ्यावा, तर तो ठेवायला घर पाडावं लागेल. घरच्या माणसासाठी एकच, तेलातला ट्रान्सफॉर्मर. वस्तीत नुकतीच वीज आली होती. फक्त तो दोन तारांच्या घरच्या विजेवर चालणारा हवा. कारखान्याच्या विजेचा उचलून आणशील तर घरी नुसता गुणगुणत बसेल, असं मिस्तरी म्हणाला आणि तिथेच आडवा झाला.

नवं मशीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून उकंडा नागपूरच्या भंगार बाजारात गेला. डब्याचं झाकण काढून आतल्या तारेला नखाने खरवडायचं, लाल तांबं दिसलं तर पुढे बोलायचं. मग डब्यातलं थोडं तेल घेऊन तापल्या तव्यावर टाकायचं. तडतडलं तर आत पाणी शिरलंय, हात जोडून निघायचं. उकंडाने शेजारच्या भजेवाल्याचा तवा न विचारताच वापरला. भजेवाला बोंबलला, तेल तडतडलं, आणि "माल खराब केला" म्हणत दुकानदाराने उकंडाची कॉलर धरली. उकंडाने त्याचं डोकं त्याच्याच पिंपावर आपटलं. पिंपाचा आवाज ऐकून चौघे धावून आले आणि उकंडालाही चांगला प्रसाद मिळाला. सगळे दमल्यावर त्याच दुकानदाराने नाकाला फडकं लावून मागच्या बाजूचा दुसरा सेट दाखवला. त्याचं तेल तव्यावर गुपचूप धुरलं. तो उकंडाने घेतला. डबा जुना होता, रंग उडालेला, पण तांब्याचा होता.

घराच्या भिंतीला लागून पत्र्याचं छप्पर टाकलं, आणि वीज जोडायला वायरमन देवीलाल आला. त्याने डब्याभोवती फिरून मान हलवली. "याले अर्थिंग पाह्यजे मिस्तरी. त्याच्याबगर मी जोडत नाही. जुना डबा हाय. आतली तार कुठं उघडी पडली का हा अख्खा डबाच करंट मारन. हात लावला का मानूस चिपकलाच."

"अर्थिंग कशी करतेत?"

"छातीएवढा खड्डा. त्यात कोयसा अन् मीठ. मधात लंबा लोखंडी पाइप नाही त सलाख, अन् तिथून तार डब्याले. रोज सकायी खड्ड्यात बादलीभर पानी. कोरडा पडला का बेकार."

उकंडाची नजर आढ्याकडे गेली. त्रिशूळ खाली आला तसे देवीलालने आपले कान पकडले. तो काही बोलणार, पण उकंडाचा चेहरा पाहून एवढंच म्हणाला, "लोखंड त हाय बाप्पा." तीन फाळ जमिनीत जाणार नाहीत, तेव्हा दांडा खाली आणि फाळ वर असाच तो गाडावा लागला. फाळाच्या बेचक्यात तारेचा बोल्ट छान बसला. हात बसला की फाळ कापून टाकू, असं उकंडाने ठरवलं होतं. ठरवलेलं राहून गेलं.

शिकण्याचे पहिले दिवस म्हणजे घरात रोज मारामारी, फक्त समोर माणूस नसायचा. कांड्या दमट लागल्या की फुटायच्या, म्हणून तुळसाबाई त्या चुलीच्या कडेला शेकून द्यायची. करंट जास्त झाला की पत्र्याला भोक, कमी झाला की कांडी चिकटली. उकंडा होल्डर आपटायचा, पत्र्याला लाथ घालायचा, पुन्हा बसायचा. काळ्या काचेआड न जाता घाईत दोन टाके मारले की डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग व्हायची, मग डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून तो शिव्या देत पडायचा. पण भंगारावर सांधे मारता मारता एक दिवस सांधा सरळ आला. त्याने तो घणाने झोडपला. सांधा तुटला नाही. उकंडा मोठ्याने हसला आणि ते हसू ऐकून शेजारीण घाबरून बाहेर आली.

कामं येऊ लागली. नांगराचे फाळ, रहाटाची चाकं, बैलबंडीचे कणे. उकंडाच्या हातचं पाणी न पिणारे लोक बोरी अरब गावाहून मोडकं लोखंड घेऊन त्याच्या दारात उभे राहायचे, आणि तो त्यांना मुद्दाम उन्हात उभं ठेवायचा. सकाळपासून तो कामात, तेव्हा खड्ड्यात पाणी घालायचं काम तुळसाबाईकडे आलं. ती अंघोळ करून बादली न्यायची आणि त्रिशुळाच्या बुडाशी ओतायची.

दारात उभा त्रिशूळ, बुडाशी मीठ-कोळसा, रोज सकाळी न्हालेल्या बाईच्या हातचं पाणी. पाहणाऱ्याने काय समजावं? गावातल्या बायांनी आधी लांबून हात जोडले, मग लिंबू ठेवलं, मग कुंकू लावलं. उकंडाने लिंबू लाथेने उडवलं आणि नमस्कार करत असलेल्या एका म्हाताऱ्याला मान धरून उकिरड्यापर्यंत नेलं. हे वस्तीत पोचायला वेळ लागला नाही.

रविवारी विहाराच्या अंगणात पंच बसले. नानाजी दात नसलेल्या तोंडाने बोलायला उभा राहिला. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपुन. याच्या दारात मरीमाय उभी हाय, तिले रोज पानी चढते. सगळा गाव हासून राह्यला आपल्याले. उकंडा, तू बोल."

"अबे, ते करंटसाठी हाय!" उकंडा ओरडला. "डब्यात करंट उतरला त तो त्या लोखंडातून मातीत जाते. ते नसलं त मानूस डब्याले चिपकते, कोयसा होते त्याचा. सोडवाले गेला तोबी चिपकते. सुक्या लाकडानं हानून पाडा लागते त्याले! मशीन चालवता का तुमी? मंग कायले तोंड घालता?"

"मंग पाइप गाड," नानाजी म्हणाला. "त्रिशूळच काहून?"

हा प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तरही सरळ होतं. पाइप मिळाला असता. पण उकंडाला सरळ प्रश्न सहन होत नसे. "म्या उपटली ते मरीमाय, या हातानं! तू टाक लपवून बसला होता कनगीत. अन् आता तू मले धरम शिकवतं?"

असं म्हणून तो नानाजीवर गेला. अंगणात धुरळा उडाला, कोणाचं डोकं फुटलं, कोणाचा सदरा फाटला. पंचांनी सांगितलं, पौर्णिमेच्या आत ते काढ, नाही तर आम्ही येऊन काढू, आणि वस्तीत तुझ्याशी कोणी बोलणार नाही. उकंडाने जाता जाता सगळ्यांच्या बापांचा उद्धार केला.

पौर्णिमेला सकाळीच लोक आले. उकंडा सळई घेऊन दारात उभा होता. त्याने पहिल्या माणसाचा गुडघा फोडला, दुसऱ्याचं मनगट. मग लोक त्याच्या अंगावर पडले. त्याला जमिनीवर दाबून धरलं, पाठीवर काठ्या बसल्या, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्रिशूळ हलवून हलवून उपटला. तार तुटली. त्रिशूळ गावाबाहेरच्या खदानीत टाकला, तिथलं पाणी खोल होतं. मशीनला कोणी हात लावला नाही, ते नानाजीने बजावून ठेवलं होतं. तुळसाबाई दाराच्या चौकटीला धरून रिकाम्या खड्ड्याकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरचा खेमसिंग बंडीचा मोडलेला कणा दुसऱ्याच्या बंडीत घालून घेऊन आला. उकंडाचं डोकं बांधलेलं, एक डोळा सुजून बंद. अर्थिंगशिवाय मशीन चालवू नये हे त्याला दारव्ह्यात कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. पण आज मशीन बंद राहिलं तर वस्ती जिंकली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने बटण दाबलं; पायात टायरचे जोडे होते म्हणून डब्यात उतरलेला करंट त्याला कळला नाही. त्याने काळी काच तोंडापुढे धरली.

तुळसाबाई भांडी घासत होती. ठिणगी उडून डब्याशेजारची चिंधी धुमसायला लागली, तशी ती ओल्या हाताने, अनवाणी, ती उचलायला धावली. तिचा हात डब्याला लागला आणि तिथेच राहिला. तोंड उघडलं, आवाज आला नाही. काचेआडच्या उकंडाला निळ्या उजेडाशिवाय काही दिसत नव्हतं. खेमसिंग घाबरून मागे सरला.

त्याच वेळी नानाजी खांद्यावर एक लोखंडी पाइप घेऊन वस्तीतून येत होता. त्याने पाहिलं, पाइप टाकून दिला, उभ्या बंडीच्या कडेचा लाकडी दांडा, उभारी, उपसली आणि दोन्ही हातांनी तुळसाबाईच्या हातावर मारली. एकदा मारून ती सुटली नाही. दुसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज झाला आणि ती मागे कोसळली.

उकंडाने काच बाजूला केली. त्याला दिसलं ते एवढंच, बायको जमिनीवर पडलेली आणि तिच्यावर दांडा घेऊन नानाजी उभा. त्याने हातोडी उचलली. नानाजी "बटन! आधी बटन बंद कर!" असं ओरडत होता, आणि ओरडता ओरडताच हातोडी त्याच्या खांद्यावर बसली. तो गुडघ्यावर आला. उकंडाने पुन्हा हात उचलला, तेव्हा खेमसिंगने मागून मिठी घातली.

"अबे, त्यानं वाचवली तिले! चिपकली होती ते! तू काय करून राह्यला, सैताना?"

हातोडी उकंडाच्या हातातून पडली.

दोघांना त्याच बंडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तुळसाबाईच्या तळव्याचं कातडं जळालं होतं आणि हात प्लास्टरमध्ये होता. नानाजीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, तो समोरच्या खाटेवर डोळे मिटून पडला होता. उकंडा मध्ये उभा राहिला. मग त्याला पुन्हा रागाचा कढ आला.

"याईनं अर्थिंग उपटली म्हनून झालं हे. खोटानाटा आळ घेतला माह्यावर. एकेकाले पाहून घेतो मी. देवीले पानी चढते म्हने!"

"खोटं नोयतं ते," तुळसाबाई म्हणाली.

उकंडाला वाटलं, ती तापात बरळतेय.

"तुमी सांगतलं पानी घाल, म्या घातलं. पन नुसतं नाही घातलं. मनात हात जोडत होती मी रोज. म्हनत होती, माय, यानं तुहा धोंडा फोडला, तू माहं लेकरू नेलं. आता झालं ना? आता राग सोड." ती छताकडे पाहून बोलत होती. मग तिने समोरच्या खाटेवरच्या थोरल्या दिराकडे मान वळवली. "भासऱ्याईनं आयकलं होतं माह्या तोंडून, एका सकायी. त्याईले ठाव होतं. पंचात माहं नाव नाही घेतलं त्याईनं, तुमचं घेतलं."

उकंडाने समोरच्या खाटेकडे पाहिलं. नानाजीने डोळे उघडले नाहीत, पण तो झोपलेला नव्हता.

"म्हंजे पोरगं माह्यामुळं गेलं, असं वाटते तुले?"

इतक्या वर्षांत त्या घरात हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. तुळसाबाईने त्याच्याकडे सरळ पाहिलं. भीतीने ती नेहमी मान खाली घालायची, आज घातली नाही.

"हो," ती म्हणाली.

उकंडाचा हात वर गेला, सवयीने, आणि तसाच राहिला. समोर एकीचा हात मोडलेला, दुसऱ्याचं हाड मोडलेलं, दोन्ही त्याच्यापायी. तो खाली बसला, खाटेच्या लोखंडी पायाला डोकं लावून, आणि दवाखान्यातल्या सगळ्या लोकांदेखत ढसढसा रडला. पोराच्या नावाने रडला. पोर गेलं त्या दिवशी तो रडला नव्हता.

तो पुढे सुधारला असं ऐकायची ज्यांना हौस आहे त्यांची निराशा होईल. पुढच्याच वर्षी त्याने बाजारात एकाचा जबडा मोडला. पण तुळसाबाईवर आणि नानाजीवर त्याचा हात पुन्हा उठला नाही, हे मात्र खरं.

दवाखान्यातून आल्यावर त्याने नानाजीने आणलेला पाइप त्याच खड्ड्यात गाडला, नवं मीठ, नवा कोळसा घातला, देवीलालकडून तार जोडून घेतली. पाणीही आता तोच घालू लागला. तुळसाबाई गळ्यात हात बांधून घरी आली, त्या सकाळी तो बादली घेऊन खड्ड्याशी उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "तुले हात जोडाचे असन त जोड. मी तिकडं जातो. कोनी काही म्हननार नाही."

तुळसाबाईने पाइपाकडे पाहिलं. गंजलेला, वरून आडवा कापलेला, कोणाच्या तरी मोडक्या नळाचा पाइप होता तो.

"याले कायले जोडू?" ती म्हणाली. "याले काय माहीत माहं लेकरू?"

आणि ती आत गेली. उकंडाने बादली ओतली. पाणी मुरेपर्यंत तो तिथेच उभा राहिला, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत त्याने मशीन सुरू केलं नाही.